भूमीतून निघालेल्या धातूच्या वस्तू व त्यांची निगा

(मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीग्रामदेवतेस वंदन करून आजच्या विषयाला प्रारंभ करावयाचा आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात आणि धातूला चढलेल्या गंजात संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु जीर्णोद्धार म्हटला की खणणे आले. पाया खणतात, जुनी फरशी उचलतात, विहिरीचा गाळ काढतात, दीपमाळेचा चौथरा हलवितात. अशा वेळी कुदळीला काहीतरी खण्णकन लागते. हिरवा पडलेला पत्रा, एकमेकांस चिकटलेली नाणी, काळी ठिक्कर पडलेली वाटी किंवा तांबेऱ्याने फुगलेला लोखंडाचा गोळा निघतो. त्यानंतरच्या पहिल्या तासाभरात माणसे काय करतात, यावर त्या वस्तूचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

हे उगाच सांगितलेले नाही. याचा दाखला दूर शोधावयास नको. तारापूरला लागूनच, डहाणू तालुक्यात चिंचणी गाव आहे. या गावी १९५५ साली शेत खणताना एका शेतकऱ्यास तांब्याचे नऊ पत्रे मिळाले. ते मोडीत गेले असते तर वजनावर चार रुपये आले असते आणि एखाद्या घरी नवे घंगाळ झाले असते. तसे झाले नाही. ते पत्रे जाणकारांच्या हाती गेले. पुराभिलेखांचे थोर अभ्यासक डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन करून ते प्रसिद्ध केले. त्यांत पाच निरनिराळे लेख निघाले.

त्यातला पहिला लेख शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या अमदानीत संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाण भागाचा, अधिकारी एक ताजिक, म्हणजे अरब, गृहस्थ होता. लेखात त्याला मधुमती म्हटले आहे. महंमद या नावाचे ते संस्कृत रूप आहे. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. याच लेखात अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेस जमीन दिल्याचे नमूद आहे. दान कशासाठी, तेही स्पष्ट लिहिले आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचे भोजन.

श्रोत्यांनी यातला पहिला शब्द ध्यानात घ्यावा. डागडुजी! देवळे बांधणाऱ्यांइतकाच देवळे दुरुस्त करणाऱ्यांचा मान आपल्याकडे जुना आहे. जुन्या दानपत्रांत ‘खंडस्फुटित’ असा शब्द वारंवार येतो. मोडके, फुटके, तडा गेलेले नीट करणे, असा त्याचा अर्थ. आज ज्या कार्यासाठी देणगीदारांनी हात सैल सोडला, त्याच कार्यासाठी अकराशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर कोणी जमीन लावून दिली होती.

दुसऱ्या लेखात दोन देवस्थानांमधील जागेच्या वादाचा निवाडा आहे. दुसऱ्याची जागा वापरल्याबद्दल दरवर्षी रक्कम देण्याचे ठरले, असे त्यात आहे. हद्दीचे तंटे काही आजचे नाहीत! आणखी एक लेख शके ९५६ चा, इ. स. १०३४ चा. त्यात चामुंडराजाने एक तेलाचा घाणा मठिकेस दिला. त्या तेलातून भगवतीच्या देवळात दिवा जळावा आणि आलेल्या विद्वानांच्या पायांना तेल लावावे, अशी व्यवस्था केली. दिवा केव्हाच विझला आणि घाण्याचा लाकूडफाटाही कुजून गेला. हिरवे पडलेले तांबे तेवढे राहिले, आणि त्यानेच ही हकीगत सांगितली.

आता प्रश्न असा, की तांबे हिरवे का पडते? निसर्गात तांबे बहुधा खडकात, निरनिराळ्या द्रव्यांशी मिसळलेले असते. माणूस भट्टी लावून ते शुद्ध करतो. मातीत गेले की ते पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे वळते. प्रथम तांबडसर तपकिरी थर येतो. त्यावर हवेतील व मातीतील कर्बवायू आणि ओलावा यांनी हिरवा थर चढतो. हा गुळगुळीत, घट्ट, गडद थर शत्रू नव्हे. तो आतल्या धातूचे पांघरूण होतो. इतकेच नव्हे, तर मूळ पृष्ठभाग, कोरलेल्या अक्षराची कड, नाण्यावरच्या मुद्रेची रेघ, हे सारे पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असते. खालचा धातू झिजलेला असतो. म्हणून गंज काढला की अक्षर दिसेल, असे नेहमी होत नाही. कित्येकदा गंज काढला की अक्षरच निघून जाते.

आपल्या भागात दुसरे एक संकट आहे. पालघर, केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी, डहाणू हा सारा खाऱ्या वाऱ्याचा पट्टा. मातीत मीठ आणि हवेत मीठ. हे मीठ तांब्यात व काशात शिरले की एक रोग जडतो. त्यास जाणकार ‘काशाचा रोग’ म्हणतात. याची खूण अशी: गडद हिरव्या पृष्ठभागावर मधूनच फिकट पोपटी ठिपके येतात. ते भुकटीसारखे असतात, बोट लावले की बोटाला लागतात आणि पुसले तरी काही दिवसांत परत येतात. आत दडलेल्या क्षारावर ओलावा आणि हवा यांची क्रिया होऊन आम्ल तयार होते. ते आम्ल आणखी तांबे खाते आणि त्यातून पुन्हा क्षार होतो. हे रहाटगाडगे थांबत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते, तेव्हा हा रोग फोफावतो. वस्तू ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवली तर तो स्वस्थ बसतो. म्हणजे पहिले औषध कोरडेपणा.

चांदीचे निराळे. हवेत गंधकाचा अंश असला की चांदी काळी पडते. खाऱ्या मातीत ती राखी, मेणासारख्या थराने मढते. लोखंड तर सर्वांत दुबळे. ते फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. शिशावर पांढरी पूड येते. लाकडी पेटीतून निघणाऱ्या आंबट वाफेनेही शिसे खराब होते. सोने मात्र जसे गेले तसे परत येते. त्याला साध्या स्वच्छ पाण्याखेरीज काही लागत नाही.

आता हातून काय होते ते पाहू. वस्तू सापडली की पहिला शब्द उठतो, “जरा घासून बघा रे, सोन्याचे आहे की काय!” मग कोणी विटकरीचा चुरा आणतो, कोणी चिंच, कोणी लिंबू. शहाणा असेल तो संडास धुण्याचे ऍसिड आणतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे रसायने, पॉलिश कागद, फिरते ब्रश या गोष्टी सहज मिळतात. दहा मिनिटांत वस्तू लखलखते आणि सर्वांना आनंद होतो. परंतु चिंचेतील व लिंबातील आम्लाने हिरवा थर विरघळतो, त्याबरोबर अक्षराची कड जाते. पितळेतले जस्त निघून जाऊन वस्तू लालसर, सच्छिद्र होते. तीव्र आम्ल त्या छिद्रांत मुरून बसते आणि नवा रोग लावते. पॉलिश कागदाने तर नाण्यावरचा राजा सपाट होऊन जातो.

येथे भगिनीवर्गाचा गैरसमज होऊ नये. रोजच्या समया, निरांजने, ताम्हणे, कलश चिंचेने व राखेने घासण्याची आपली रीत आहे. ती रोजच्या भांड्यांना ठीक आहे. ते भांडे वापरासाठी आहे, झिजले तर नवे करता येते. परंतु जमिनीतून निघालेली वस्तू भांडे राहिलेली नसते, ती दप्तर झालेली असते. जुना सातबारा मळला म्हणून कोणी साबणाने धूत नाही. तसेच देवाचे जुने टाक व मुखवटे यांचे. पिढ्यान् पिढ्या घासून पुष्कळ घरच्या टाकांवरील नाक-डोळे गेले आहेत. मऊ सुती कापडाने कोरडे पुसणे त्यांना पुरे.

उलट बाजूचे उदाहरण घंटांचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केली. त्याच मोहिमेत जानेवारी महिन्यात तारापूरचा किल्ला पडला आणि तेथे बाजी भीवराव कामी आले. त्या विजयात मिळालेल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ साल आहे. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. त्या ओतल्या दुसऱ्या धर्माच्या माणसांनी आणि वाजविल्या आपण. कोणी त्यांवरील आकडे व खुणा कानशीने काढल्या नाहीत, म्हणून आज त्या घंटा स्वतःच आपली कुळकथा सांगतात.

मग सापडल्यावर करावे काय? येणेप्रमाणे करावे.

पहिले, काम तेवढ्या जागी थांबवावे. यंत्राने खणणे चालू असेल तर यंत्र बंद करावे. वस्तू ओढून काढू नये. ती जशी आहे तशी फोटो काढावा. शेजारी फूटपट्टी किंवा निदान एक काडेपेटी ठेवावी, म्हणजे आकार कळतो.

दुसरे, जागा लिहून घ्यावी. देवळाच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती फूट, जमिनीखाली किती खोल, सोबत काय होते, खापर, कोळसा, हाड, वीट, सारे लिहावे. याचे महत्त्व नालासोपाऱ्यावरून कळते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाचा कोट खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडा, सभोवती काशाच्या आठ मूर्ती. करंड्यात चांदीचा, मग मौल्यवान खड्याचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडा, असे एकात एक होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही मिळाले. पंडितजींनी प्रत्येक वस्तू कोठे, कशी होती याची नोंद ठेवली, म्हणून तो बौद्ध स्तूप कळला. तेच करंडे चार घरी वाटले गेले असते, तर नुसत्या डब्या उरल्या असत्या.

तिसरे, धुऊ नये, घासू नये, तापवू नये. चिकटलेली नाणी सुटी करू नयेत. तेल, शेंदूर, वार्निश लावू नये. मूर्ती निघाली तर हळदकुंकू वाहावे, दुधाने न्हाऊ घालावे असे भाविकांस वाटणे साहजिक आहे. परंतु तो भाव क्षणभर आवरावा आणि दुरूनच हात जोडावेत. देव रागावणार नाही. दूध, दही आणि कुंकू हे जुन्या काशाला बाधतात.

चौथे, तांबे, पितळ, कासे, चांदी यांची वस्तू मातीसकट सावलीत सुकू द्यावी. मग स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावी. औषधांच्या बाटल्यांत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या येतात. त्या डब्यात टाकाव्या. पोपटी भुकटी दिसेल ती वस्तू वेगळ्या डब्यात ठेवावी. लोखंड कोरड्या जमिनीतले असेल तर तेही कोरडेच ठेवावे. मात्र खाडीच्या चिखलातून किंवा समुद्रातून निघालेले लोखंड एकदम वाळू देऊ नये. वाळले की आतले मीठ फुलून त्याच्या चिरफळ्या होतात. ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि तज्ज्ञाकडे जाईपर्यंत पाणी बदलीत राहावे. आणि तोफगोळ्यासारखी पोकळ, जड वस्तू निघाली तर तिला हातच लावू नये. माणसे दूर करून पोलिसांना कळवावे. जुनी दारू जिवंत असू शकते.

याहून पुढचे काम प्रयोगशाळेचे. तेथे भिंगाखाली, टोकदार हत्याराने, केसाएवढा थर काढीत वस्तू स्वच्छ करतात. मिठाचा अंश काढण्यासाठी सोड्याच्या सौम्य द्रावणात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने भिजवितात. काशाच्या रोगावर बेंझोट्रायझोल नावाचे द्रव्य मद्यार्कात मिसळून वापरतात. ते धातूवर संरक्षक पापुद्रा धरते, परंतु ते विषारी असल्याने घरी आणून प्रयोग करू नयेत. शेवटी मेणाचा किंवा राळेचा पातळ लेप देतात. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात जुन्या मूर्तींना लागलेल्या याच रोगावर उपाय म्हणून १९३० च्या सुमारास रसायनशाळा सुरू झाली. लखनौ येथे १९७६ साली याच कामाची राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही हे काम चालते. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय योग्य वाट दाखवू शकते.

आता कायदा. १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा, सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत सापडल्यास सापडविणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. अर्जात तीन गोष्टी पुरतात: काय सापडले व अंदाजे किंमत, कोठे सापडले, कोणत्या तारखेस. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी किंवा मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र झाल्याने आता ठाण्याची खेप नाही. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे किंवा तहसील कचेरीत गेले तरी पुढचा रस्ता कळतो.

पुष्कळांचा समज असा, की कळविले की सरकार सारे घेऊन जाते आणि वर चौकशीचा ससेमिरा लागतो. कायद्यात तसे नाही. धनाचा मालक निघाला नाही आणि सापडविणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि त्यावर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम देऊन घेता येते. उलट लपविले तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यात एक गोष्ट देवस्थानांनी मनावर घ्यावी. कुदळ बहुधा मजुराच्या हाती असते, पाड्यावरून आलेल्या एखाद्या गरीब माणसाच्या हाती. पंचनाम्यात त्याचे नाव प्रथम लिहावे. त्याला न विचारता वस्तू विश्वस्तांच्या कपाटात गेली, तर पुढच्या वेळी तो वस्तू दाखविणार नाही. ती रात्रीच भंगारवाल्याकडे जाईल आणि दोष कोणाला द्यावा? चिंचणीचे पत्रे शेतकऱ्याला मिळाले. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. साठ किलोंहून अधिक वजन! तेही एका साध्या भिल्ल माणसाच्या हातून. इतिहास प्रथम कष्टकऱ्याला भेटतो. त्याचा मान राखला तरच तो पुढे आपल्यापर्यंत येतो.

अलीकडे धातुशोधक यंत्रे सहज विकत मिळतात. तरुण मंडळी किनाऱ्यावर, किल्ल्याच्या आवारात ती घेऊन फिरतात. शोधाची आवड चांगली, परंतु संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणे गुन्हा आहे. यंत्र फक्त ‘धातू आहे’ एवढे सांगते. तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता, हे खड्डा पाडणाऱ्या हाताने पुसले जाते. एक नाणे मिळते आणि त्याचा जन्मदाखला फाटतो.

सरतेशेवटी एक विनंती. जीर्णोद्धार होत आला. देवस्थानाने याच वर्षी एक वही घालावी. देवळातील प्रत्येक धातूची वस्तू, घंटा, समई, मुखवटा, टाक, तिचे वजन, माप, फोटो, तिच्यावर काही लिहिले असल्यास त्याची नक्कल आणि ती कोणी व केव्हा दिली, हे त्यात लिहावे. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. कोणतीही जुनी वस्तू पॉलिशला देण्यापूर्वी ती वही उघडावी आणि चार जाणत्यांना विचारावे. यास खर्च फारसा नाही. वही, पेन आणि एक दुपार पुरे. पुढे कधी वस्तू हरवली, बदलली वा चोरीस गेली, तरी पोलिसांपुढे ठेवावयास तोच कागद उपयोगी पडेल.

देणगीदारांची नावे आज संगमरवरावर कोरली जात आहेत. ती पुढच्या पिढ्यांनी वाचावीत, अशी सर्वांची इच्छा आहे. ज्यांनी आपल्याआधी तांब्यावर नावे कोरली, त्यांचीही इच्छा हीच होती. त्यांचे अक्षर आपल्या हातून पुसले जाऊ नये, इतकी सद्बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, ही प्रार्थना.